टीकाकाराचा संप्रदाय : इंदूरच्या दोन मिशनांची गोष्ट

इंदुरात १८७० च्या दशकाच्या अखेरीस ख्रिस्ती धर्मोपदेशकांची दोन वेगवेगळी ठाणी होती. दोन्हीकडे बायबल एकच होते. दोघांनाही इंग्लिश येत होते, दोघेही प्रॉटेस्टंट राजसत्तेच्या छत्राखाली वावरत होते आणि होळकरांच्या प्रजेला दोघेही सारखेच ‘साहेबाचे पाद्री’ वाटत असणार. पण प्रभुभोजनाच्या भाकरीत नेमके काय असते, बिशपाला अधिकार कुठून मिळतो, माणसाचा उद्धार आधीच ठरलेला असतो का, हे प्रश्न दोन्ही ठाण्यांवर विचारले असते, तर उत्तरे वेगळी मिळाली असती. आणि दोन्ही उत्तरांना आधार म्हणून त्याच पुस्तकातले तेच उतारे दाखवले गेले असते.

यातले एक ठाणे सिमिअन विल्बरफोर्स ओ’नील यांचे. ऑक्सफर्डजवळच्या काउली गावात २७ डिसेंबर १८६६ रोजी तीन अँग्लिकन पाद्र्यांनी ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालनाचे व्रत घेऊन एक संघ स्थापन केला. सोसायटी ऑफ सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट हे त्याचे नाव. लोक त्यांना ‘काउली फादर्स’ म्हणत. ओ’नील हे त्या तिघांपैकी एक. त्यांच्या नावातच सिमिअन आणि विल्बरफोर्स ही इव्हँजेलिकल पंथाच्या दोन थोर पुढाऱ्यांची नावे आहेत. ज्या पंथाला चर्चच्या कर्मकांडापेक्षा व्यक्तीचा पालट आणि बायबलचे थेट वाचन मोलाचे वाटे, त्याची नावे अंगावर घेऊन हे गृहस्थ पुढे मठवासी झाले, चर्चच्या प्राचीन परंपरेचे आणि संस्कारविधींचे पाईक झाले. १८७४ मध्ये ते हिंदुस्थानात आले. इंदुरात ते बंगल्यात राहिले नाहीत. साधे घर, देशी जेवण आणि ठरलेल्या वेळी प्रार्थना, असा त्यांचा क्रम होता. १८८२ मध्ये कॉलऱ्याने इंदुरातच त्यांना मरण आले.

दुसरे ठाणे कॅनडाच्या प्रेस्बिटेरियनांचे. कॅनडातल्या विखुरलेल्या प्रेस्बिटेरियन मंडळ्या १८७५ मध्ये माँट्रियल येथे एकत्र आल्या आणि पुढच्या दोन वर्षांतच त्या नव्या चर्चने माळवा हे आपले कार्यक्षेत्र ठरवले. १८७७ मध्ये जे. एम. डग्लस इंदुरात आणि जे. फ्रेझर कॅम्बेल महूच्या छावणीत येऊन दाखल झाले. १८७९ मध्ये जॉन विल्की आले. त्यांच्याच खटपटीतून १८८७ मध्ये इंदूर ख्रिश्चन कॉलेज उभे राहिले. किशोर कुमार ज्या कॉलेजात शिकले म्हणून इंदूरकर आजही अभिमानाने सांगतात, तेच हे कॉलेज.

तेव्हाचे इंदूर म्हणजे दुसरे तुकोजीराव होळकर यांचे इंदूर. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर राजधानी इथे आली होती आणि राजवाड्यापासून थोड्या अंतरावर ब्रिटिश रेसिडेन्सी वसली होती. दरबाराचे दफ्तर मराठीत, मोडी लिपीत. बाजारात माळवी आणि हिंदी. खांडव्याहून येणाऱ्या लोहमार्गासाठी महाराजांनी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. नव्या गोष्टींना ते घाबरणारे नव्हते, पण रस्त्यावरच्या धर्मप्रचाराला दरबाराचा विरोध होता. १८८० च्या दशकात हा वाद ब्रिटिश अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचला. मिशनांच्या इतिहासात या वादावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. त्यामानाने दुर्लक्षित राहिली ती दुसरी गोष्ट : या एकाच गावात बायबलच्या अर्थाच्या दोन परंपरा शेजारी शेजारी नांदत होत्या, आणि त्यांच्यातला फरक सर्वांत बारकाईने जाणणारा माणूस एक चित्पावन शास्त्री होता.

नीळकंठशास्त्री गोरे यांचा जन्म १८२५ मध्ये झाशीजवळ झाला आणि ते वाढले काशीत. घर मराठी, शिक्षण संस्कृत, आवडीचे शास्त्र न्याय. मिशनऱ्यांना वादात हरवायचे म्हणून त्यांनी ख्रिस्ती ग्रंथ वाचायला घेतले. त्या काळातल्या एका मोठ्या लेखी वादात त्यांचा वाटा आहे. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ लिहून हिंदू मतांवर ख्रिस्ती बाजूने आक्षेप घेतले. त्याला तीन पंडितांनी संस्कृतातच उत्तरे दिली. पहिले उत्तर ‘सोमनाथ’ या नावाने आले; हे सोमनाथ म्हणजे माळव्यातल्या सीहोरचे मराठी पंडित सुबाजी बापू, असे संशोधक रिचर्ड फॉक्स यंग यांनी मांडले आहे. तिसरे उत्तर ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’. ते विशीच्या आसपासच्या नीळकंठशास्त्र्यांनी लिहिले. पुढे त्यांचेच मन बदलले आणि १८४८ मध्ये जौनपूर येथे बाप्तिस्मा घेऊन ते नेहेम्या गोरे झाले.

त्यांना ख्रिस्ती धर्म शिकवला तो चर्च मिशनरी सोसायटीने, म्हणजे इव्हँजेलिकल पंथाच्या अँग्लिकनांनी. पण गोरे नव्या धर्मातही शास्त्रीच राहिले. एखाद्या ग्रंथकाराने अमुक सिद्धांत मांडला की त्याच्या मुळाशी कोणते गृहीत आहे, हे ते शोधत. १८६० च्या ‘षड्दर्शनदर्पणा’त त्यांनी सहा दर्शनांची झडती घेतली ती याच पद्धतीने. आधी पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याच भाषेत आणि त्याच्या पूर्ण जोरानिशी मांडायचे, मग उत्तरपक्ष. हीच शिस्त त्यांनी ख्रिस्ती पंथांनाही लावली. ज्यांनी आपल्याला बायबल शिकवले, त्यांचे वाचन हेही एका पंथाचे वाचन आहे, हे त्यांच्या लक्षात आले. ऑक्सफर्डच्या पुसी यांच्या परंपरेतले लेखन त्यांनी वाचले, प्राचीन चर्चचा अधिकार त्यांना पटला आणि ते हळूहळू दुसऱ्या टोकाला गेले. काउली फादर्सचे उमेदवार म्हणून त्यांनी त्या संघाचे जीवनही अनुभवले. काही काळ ते इंदुरात ओ’नील यांच्यासोबत राहिले. एक इंग्लिश संन्यासी आणि एक मराठी शास्त्री माळव्यातल्या एका घरात एकत्र प्रार्थना करत होते, हे चित्र आपल्या धर्मेतिहासात ठळक हवे होते. ते नाही, याची खंत वाटते.

दोन परंपरांतला फरक नेमका कुठे दिसतो? मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात येशू पेत्राला खडकाचे नाव देतो आणि त्या खडकावर मंडळी उभारीन म्हणतो. रोमन कॅथलिक टीकाकार तिथे पेत्र आणि त्याच्या गादीवरचे पोप पाहतात. कॅल्व्हिनच्या, म्हणजे प्रेस्बिटेरियनांच्या, परंपरेतला टीकाकार त्या खडकात पेत्राने दिलेली विश्वासाची कबुली किंवा स्वतः ख्रिस्त पाहतो. पुसींच्या वळणाचा अँग्लिकन आधी चर्चच्या प्राचीन आचार्यांनी काय लिहिले ते चाळतो आणि मग बोलतो. प्रेषितांच्या कृत्यांचा विसावा अध्याय घ्या. पौल इफिसच्या ‘वडिलांना’ बोलावतो आणि थोड्याच ओळींनंतर त्याच माणसांना ‘अध्यक्ष’ म्हणून संबोधतो. प्रेस्बिटेरियन टीकाकाराला ही जागा फार प्रिय, कारण वडील आणि अध्यक्ष एकच ठरले की वडिलांच्या वर बिशप नेमण्याची गरज उरत नाही. अँग्लिकन टीकाकार इथे लवकर पुढे सरकतो आणि प्रेषितांचा अधिकार बिशपांकडे कसा आला, ते दुसऱ्या उताऱ्यांवरून सांगतो.

यात कोणी लबाडी करत नव्हते. प्रेस्बिटेरियन पाद्री वेस्टमिन्स्टरच्या कबुलीजबाबाला बांधील होता. सतराव्या शतकाच्या मध्यात तयार झालेल्या त्या दस्तऐवजात देवाची निवड, करार, संस्कार यांची मांडणी क्रमाने केलेली आहे. ती मांडणी मनात ठेवून तो बायबल उघडे. अँग्लिकनाकडे १५७१ चे एकोणचाळीस अनुच्छेद होते, शिवाय प्रार्थनापुस्तक होते. टीकाग्रंथ लिहिणारा माणूस या चौकटीत लहानाचा मोठा झालेला असतो, तिथेच त्याची दीक्षा झालेली असते, आणि त्याचे वाचकही बहुधा त्याच चौकटीतले असतात. ती चौकट त्याला काही गोष्टी इतरांपेक्षा अधिक खोल दाखवते. कॅल्व्हिनच्या परंपरेने रोमकरांस पत्राचा जितका सूक्ष्म अभ्यास केला, तितका फार थोड्यांनी केला. पुसींची हिब्रूची तयारी त्यांच्या विरोधकांनाही मान्य होती. कल असणे हा दोष नाही. तो वाचकाला ठाऊक नसणे, हे मात्र नुकसानीचे.

याची जाणीव सर्वांत आधी झाली ती बायबल छापणाऱ्यांना. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स १५६० च्या जिनीव्हा बायबलवर चिडून होता, कारण त्याच्या समासातल्या टिपा त्याला राजसत्तेविरुद्ध वाटत. म्हणून १६११ च्या भाषांतरात हिब्रू आणि ग्रीक शब्दांच्या खुलाशापलीकडे समासात काही लिहायचे नाही, असा दंडक त्याने घातला. १८०४ मध्ये लंडनला ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटी स्थापन झाली. तिच्यात अँग्लिकन होते, बाप्टिस्ट होते, इतरही पंथांचे लोक होते. टिपांवर त्यांचे एकमत होणे अशक्य होते, म्हणून बायबल कोणतीही टीप किंवा भाष्य न जोडता छापायचे, हा त्यांचा मूलभूत नियम ठरला. त्या नियमामुळेच मराठी माणसाच्या हाती आलेले बायबल बहुतांशी कोरे, टिपांविना आले. सेरामपूरला विल्यम केरी यांनी वैद्यनाथ पंडितांच्या साह्याने मराठी नवा करार मोडी लिपीत १८११ मध्ये छापला. मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनचा नवा करार १८२६ चा आणि संपूर्ण मराठी बायबल १८४७ चे.

ग्रंथ कोरा असला तरी वाचकाला अर्थ हवाच असतो. ती गरज भागवायला ट्रॅक्ट सोसायट्या पुढे आल्या. बॉम्बे ट्रॅक्ट अँड बुक सोसायटी १८२७ ची. बाबा पदमनजी यांचे नाव ‘यमुनापर्यटन’ या १८५७ च्या कादंबरीमुळे मराठी शाळकरी मुलांनाही माहीत असते, पण त्यांनी नव्या करारावर मराठीत टीका लिहिली, हे साहित्याच्या अभ्यासकांनाही क्वचित आठवते. ती टीका वाचताना त्यांचे चर्च लक्षात ठेवावे लागते. ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनमध्ये घडले आणि पुण्यात त्याच मिशनचे पाळक झाले. म्हणजे पुन्हा प्रेस्बिटेरियन परंपरा, तीही १८४३ मध्ये सरकारी हस्तक्षेपाच्या निषेधार्थ मूळ चर्चमधून बाहेर पडलेल्यांची.

पण चर्चचे नाव कळले की काम झाले, असेही नाही. त्याच फ्री चर्चमध्ये १८७० च्या दशकात विल्यम रॉबर्टसन स्मिथ हे ॲबर्डीनचे प्राध्यापक होते. मोशेची पाच पुस्तके मोशेने एकहाती लिहिलेली नाहीत, ती वेगवेगळ्या काळांत घडत गेली, असे मत त्यांनी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकात मांडले. चर्चने त्यांच्यावर दीर्घ खटला चालवला आणि १८८१ मध्ये त्यांना प्राध्यापकपदावरून दूर केले. त्याच वर्षांत इंदूरचे कॅनडियन पाद्री, इंदूरचे ओ’नील आणि पुणे-मुंबईचे बाबा पदमनजी आपापल्या परीने बायबल समजावून देत होते. तेव्हा ‘फ्री चर्चचा टीकाकार’ म्हटल्यावरही पुढचा प्रश्न उरतोच : या खटल्याच्या आधीचा की नंतरचा, आणि कोणत्या बाजूचा?

या सगळ्याची झळ एका मराठी स्त्रीला फार थेट बसली. पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या निर्णयामागे नेहेम्या गोरे यांच्या लेखनाचा वाटा होता. म्हणजे ज्या परंपरेशी इंदूरच्या त्या घराचे नाते होते, त्याच परंपरेच्या वाटेने रमाबाई ख्रिस्ती धर्मात आल्या. वाँटेजचा मठही त्याच वळणाचा. पण बाप्तिस्म्यानंतर तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात रमाबाईंनी त्रैक्य, जुने मतप्रतिज्ञापत्र आणि चर्चचा अधिकार यांवर अशा शंका काढल्या, की त्या शंकांनी सिस्टर बेचैन झाल्या. बायबलमध्ये जे आहे आणि चर्च त्याचा जो अर्थ लावते, या दोहोंत भेद करण्याचा अधिकार रमाबाई सोडायला तयार नव्हत्या. ही पत्रे अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाली. स्वतंत्र बुद्धीने धर्मग्रंथ वाचण्याचा इतका प्रामाणिक आणि इतका किमती दस्तऐवज मराठी माणसाच्या हातून दुसरा झालेला नाही, असे ठामपणे म्हणता येते. पुढे रमाबाई इव्हँजेलिकल अनुभवाकडे वळल्या, १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनात मोठी जागृती झाली, आणि आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलच्या स्वतंत्र मराठी भाषांतराला दिली. १९२२ मध्ये त्या गेल्या. भाषांतर १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर आले. तीन-चार संप्रदायांचे अर्थ जवळून पाहिलेल्या बाईला अखेर मूळ ग्रंथापाशी जावेसे वाटले.

सर्वांची तेवढी शक्ती नसते. बहुतेकांना टीकेचा हात धरूनच चालावे लागते. मग टीका कशी वाचावी? याचे उत्तर मराठी वाचकाच्या घरात आहे, आणि तेही छापील स्वरूपात.

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहिले. ते १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या पहिल्याच प्रकरणात टिळक गीतेवरच्या टीकाकारांची रांग उभी करतात : शंकराचार्य, रामानुज, मध्व, वल्लभ, निंबार्क, ज्ञानेश्वर. प्रत्येकाने गीतेचा अर्थ आपापल्या संप्रदायाला अनुकूल असा लावला, हे ते आदर राखून, पण स्पष्टपणे सांगतात. मराठीत हा अनुभव आधीपासूनचा होता. १२९० च्या ज्ञानेश्वरीची आणि सतराव्या शतकातल्या वामन पंडितांच्या यथार्थदीपिकेची गीता एकच, वाटा वेगळ्या. टिळकांचे वैशिष्ट्य असे की ते तक्रारीवर थांबत नाहीत. ग्रंथाचे तात्पर्य ठरवायला मीमांसकांनी घालून दिलेल्या सात खुणा ते वाचकाच्या हाती देतात. ग्रंथाचा आरंभ काय आणि शेवट काय, कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा येते, नवे असे काय सांगितले आहे, त्याचे फळ काय, स्तुती-निंदेचा भाग कोणता आणि युक्तिवाद कोणता. टीकाकार काहीही म्हणो, या खुणा मूळ ग्रंथातच सापडतात.

मीमांसेची ही मोजपट्टी बायबलला लावून पाहण्यासारखी आहे. रोमकरांस पत्राचा नववा अध्याय घ्या. कुंभाराला मातीवर अधिकार आहे, हा दृष्टान्त तिथे येतो. अठराव्या शतकातले बाप्टिस्ट जॉन गिल आणि एकोणिसाव्या शतकातले प्रिन्स्टनचे प्रेस्बिटेरियन चार्ल्स हॉज तिथे देवाच्या निवडीचा सिद्धांत पाहतात : कोणाचा उद्धार होणार हे देवाने ठरवले आहे. मेथडिस्ट ॲडम क्लार्क यांना ते मान्य नाही; तिथे व्यक्तींच्या अनंतकाळच्या नियतीचा नव्हे, राष्ट्रांच्या वाट्याचा विचार आहे, अशी त्यांची भूमिका. नवव्या अध्यायापाशी थांबलेला वाचक ज्याची टीका हातात असेल त्याचा होऊन जातो. पण हा युक्तिवाद नवव्या अध्यायात संपतच नाही. तो अकराव्याच्या अखेरीस, देव सर्वांवर दया करू इच्छितो या विधानाशी येऊन पोहोचतो. उपसंहार तिथे आहे. आता ‘सर्वांवर’ म्हणजे प्रत्येक माणसावर की यहुदी आणि इतर अशा दोन्ही गटांवर, यावरून वाद पुन्हा रंगतो. पण तो रंगतो योग्य जागी, पौलाने स्वतः आणून ठेवलेल्या जागी.

टीकाकाराचा कल पाहण्याची रीत टिळकांनाही लावायला हवी, आणि त्यांनी स्वतः त्याला हरकत घेतली नसती. राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात बसलेल्या पुढाऱ्याला गीतेत कर्मयोग दिसला, याकडे डोळेझाक करणारा वाचक टिळकांचाच धडा विसरतो.

टिपा मूळ मजकुराला चिकटल्या की धोका वाढतो. आर्मा येथील आर्चबिशप जेम्स अशर यांनी जगाची उत्पत्ती इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये झाली, असा हिशेब मांडला होता. १७०१ पासून हे आकडे इंग्लिश बायबलच्या समासात छापले जाऊ लागले, आणि कित्येक पिढ्यांना तो बायबलचाच भाग वाटला. १९०९ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने सायरस स्कोफील्ड यांचे टिपांसह बायबल काढले. त्यात इतिहासाचे सात कालखंड, ख्रिस्ताच्या पुनरागमनानंतर हजार वर्षांचे राज्य, अशी एका विशिष्ट पंथाची मांडणी वचनांच्या खालीच छापली होती. लाखो घरांत ती प्रत गेली. वचन कुठे संपले आणि स्कोफील्ड कुठे सुरू झाले, याचे भान फार थोड्यांना राहिले.

टीकाकाराचा संप्रदाय जाणून घेण्याचा उलटा फायदाही आहे. जो आपल्याच पंथाच्या सोयीविरुद्ध लिहितो, तो ओळखता येतो. केंब्रिजचे जे. बी. लाइटफूट अँग्लिकन होते. १८६८ मध्ये फिलिप्पैकरांस पत्रावरच्या टीकेला जोडलेल्या प्रदीर्घ निबंधात त्यांनी मान्य केले, की नव्या करारात वडील आणि अध्यक्ष ही एकाच पदाची दोन नावे आहेत आणि बिशपपद नंतर वाढत गेले. प्रेस्बिटेरियनांना आयता पुरावा मिळाला. लाइटफूट पुढे स्वतःच डरहॅमचे बिशप झाले. बिशपपद नाकारण्याचा आपला हेतू नव्हता, असा खुलासा त्यांना करावा लागला, पण निबंध त्यांनी मागे घेतला नाही. अमेरिकेतले प्रेस्बिटेरियन अल्बर्ट बार्न्स यांच्यावर रोमकरांस पत्रावरच्या टिपांमुळे १८३५ मध्ये त्यांच्याच चर्चमध्ये पाखंडाचा आरोप झाला आणि १८३६ मध्ये ते निर्दोष सुटले. अशा टीकाकारांचा शब्द त्या त्या मुद्द्यापुरता जास्त वजनदार मानावा.

निव्वळ वेचे घेतले तरी कल सुटत नाही. १९६० च्या पावसाळ्यात विनोबा सुमारे महिनाभर इंदुरात राहिले. हे शहर सर्वोदयनगर व्हावे, असे त्यांचे स्वप्न होते. त्यांनी पुढे ‘ख्रिस्तधर्मसार’ सिद्ध केले. त्यात स्वतःचे भाष्य न लिहिता नव्या करारातली वचने निवडून विषयवार लावली आहेत. ते अतिशय श्रद्धेने केलेले काम आहे. पण काय घ्यायचे, काय वगळायचे आणि कशाखाली काय ठेवायचे, यातही विनोबांचा विचार आहेच, आणि त्या पुस्तकाचा आनंद तो ओळखून घेतल्यावर वाढतो.

इंदूरच्या त्या दोन ठाण्यांचे पुढे काय झाले? २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट, मेथडिस्ट अशा अनेक परंपरा त्यात विलीन झाल्या. बिशप आले आणि मंडळीचे वडीलही राहिले; लहान मुलांचा बाप्तिस्मा आणि कळत्या वयातला बाप्तिस्मा दोन्ही मान्य झाले. कॅनडियन मिशनच्या माळव्यातल्या मंडळ्याही या एकत्र येण्यात सामील झाल्या. ओ’नील आणि विल्की यांचे वारस आता एकाच चर्चचे सभासद आहेत. चर्चे एक झाली तरी ग्रंथालयातल्या टीका एक झालेल्या नाहीत. मॅथ्यू हेन्री, गिल, क्लार्क, बार्न्स यांच्या कॉपीराइट संपलेल्या टीका आज मोबाइलवरच्या ॲपमध्ये फुकट मिळतात, एकाच अक्षरात आणि एकाच रंगात, जणू सगळे एकाच सभेत बसून लिहीत होते. इंदूरच्या रविवारच्या प्रवचनाची तयारी करणारा तरुण पाळक असो की ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक किंवा रमाबाई समजून घेण्यासाठी बायबल वाचणारी मराठीची विद्यार्थिनी, दोघांनाही ही पाने उघडायला क्षणही लागत नाही.

या वाचकांना एक विनंती आहे. टीका उघडण्याआधी मूळ उतारा, त्याच्या मागच्या आणि पुढच्या अध्यायासह, दोनदा वाचा. मग टीकाकाराचे चर्च कोणते, त्याने कोणत्या साली लिहिले आणि तेव्हा तो कोणत्या वादात गुंतला होता, एवढ्या तीन गोष्टी वहीत टिपून ठेवा. आणि ज्या उताऱ्यावर प्रवचन करायचे किंवा निबंध लिहायचा आहे, त्यावर विरुद्ध पंथाची निदान एक टीका पूर्वपक्ष म्हणून नेहेम्या गोऱ्यांच्या शिस्तीने, तिच्या पूर्ण जोरानिशी, वाचल्याशिवाय आपला निष्कर्ष लिहू नका.